पुसलेले बैल

“बाई, तिथनं हलू नका!”

भूमच्या माळावर शर्यतीला एवढी माणसं लोटलेली, आणि कॅमेरावाला तो परका मुलगा मलाच सांगत होता! मी मागं वळून पाहिलं. मागं नुसती एक बाभळ.

हा शांतलिंग. आमच्याच लिंगायतांतला, पण सोलापूरचा. निजामाच्या करोडगिरी नाक्यावर, जकातवाल्यांना कॅमेरा उघडून दाखवत आला होता. आमच्या खोंडांचा पळतानाचा फोटो माझ्या वडलांना, अप्पांना हवा होता ना!

“का हो? म्या काय खांब हाय?”

“खांबच समजा. तुमच्यापर्यंतचं अंतर धरून कॅमेऱ्याची काच जुळवलीय. जोडी तुमच्या म्होरं आली की खटका दाबायचा. आणि बैलांसंगं कॅमेराबी फिरवायचा. मग बैल लख्ख, मागं नुसत्या रेघोट्या.”

“म्हंजे मीबी रेघोटी?”

“व्हय.” वर हसला, मेला!

रेघोटी व्हायला कोण उभं राहील? मी राहिले. तो पाय रोवून, कमरेतून वळायचा सराव करत होता, आणि दर वेळी नजर माझ्यावर येऊन थांबत होती. मला बघतोय… की अंतराला? माझे कान तापले. कळंबचे पाहुणे सोमवारी माझ्या लग्नाची बोलणी पक्की करायला येणार होते, आणि मी इथं एका नजरेचा अर्थ लावत बसले होते. डोक्याचा नुसता भुगा!

धुरळा उडाला. आमची खोंडं आली, गेली. पुढच्या क्षणी शांतलिंग लाजेनं लाल झाला, कॅमेरा मिटला आणि चालू पडला. हे काय झालं बाई?

रविवारी तो फोटो घेऊन घरी आला. अप्पांनी तो उजेडात धरला.

“बैल कुठं हायत यात?”

मी डोकावले. बैलांच्या जागी पांढरा फराटा. त्याच्या वर मी. लुगड्याचे काठसुद्धा मोजून घ्यावेत, इतकी स्वच्छ.

“चूक झाली, अप्पा,” तो खाली बघत म्हणाला. “बैलांसंगं फिरायचं होतं… पर म्या फिरलोच न्हाय. डोळा तिथंच राह्यला.”

तरी मी खुळी विचारते, “का? अंतर चुकलं का?”

“अंतर बरोबर होतं,” आता त्यानं सरळ माझ्याकडं पाहिलं. “बैलांची आठवणच राह्यली न्हाय.”

आता मात्र कळलं. आणि सोमवार तर उद्यावर होता.

“अप्पा,” मी म्हणाले, “कळंबकरांना न्हाय म्हणून कळवा.”

“आन् ह्यांना?”

“ह्यांना… व्हय.”

अप्पांनी मला पाहिलं, त्याला पाहिलं, मग हातातला फोटो उलटासुलटा केला.

“बरं,” ते म्हणाले, “पर माझ्या बैलांचं काय?”