आडवी रेघ

लिफ्ट बंद पडली नसती, तर शेफाली आणि साईनाथ एकमेकांना दिसलेही नसते. हडपसरच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत तिसऱ्या मजल्यानं पाचव्याशी थेट बोलायची पद्धतच नव्हती. प्रश्न आपल्या साहेबाला सांगायचा, तो त्याच्या साहेबाला सांगणार आणि उत्तर त्याच वाटेनं रखडत खाली येणार.

त्या दिवशी जिन्यात तो धापा टाकत म्हणाला, "पाचव्या मजल्यावरचे लोक रोज इतकं चढून राहिले का जी?"

"छे! आम्ही जन्मापासून वरच असतो."

कसबा पेठेतली जीभ ती! यवतमाळचा साईनाथ मात्र मनापासून हसला... आणि दुसऱ्या दिवशी त्याची मेल आली. 'प्रोग्रॅम अडकला आहे. साहेबांमार्फत विचारू, की थेट?'

तिनं लिहिलं, 'थेट.'

मग रोज मेल येऊ लागली. कामाची एक ओळ, बाकी सगळ्या बिनकामाच्या. 'कँटीनची भाजी खाऊ नका.' 'आज निळा ड्रेस... बरा आहे.' ती गालात हसायची आणि लगेच आजूबाजूला बघायची.

त्या हिवाळ्यात मंदी आली. कोण कोणाला मेल करतं यावरून कोण किती गट जोडतं, ते मोजायचं काम शेफालीकडे आलं. त्या यादीत तळाला असलेल्यांची नोकरी जाणार होती. सगळ्यात वरच्याला दुवा म्हणून चेन्नईच्या ऑफिसात पाठवणार होते, कारण तिथलं आणि पुण्याचं अजिबात जमत नव्हतं.

तिनं नकाशा काढला. साऱ्या रेघा साहेबांकडे वर चढत होत्या. तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये एकच आडवी रेघ होती. साईनाथपासून तिच्यापर्यंत. त्या रेघेमुळे तो यादीत सगळ्यात वर गेला होता आणि त्या गप्पा वगळल्या, तर थेट तळाला येत होता.

ती फार रडली. मग रेघ तशीच ठेवून तिनं आकडे पाठवून दिले.

चेन्नईला निघायच्या संध्याकाळी तो बसथांब्यावर भेटला. आभाळ भरून आलं होतं. "सकाळीच चेन्नईच्या करारावर सही केली. दोन वर्षं सुटका नाही," तो म्हणाला. "पण मी कोणाला जोडलं हो? मी तर फक्त तुम्हालाच लिहीत होतो..."

"माहीत आहे. मीच मोजलं. त्या मेल वगळल्या असत्या, तर तुमची नोकरी गेली असती."



"गेली असती तर दुसरी शोधली असती. इथंच, पुण्यात." तो म्हणाला. "मला विचारायचं होतं ना, शेफाली... थेट."

साहेब लोकांसारखं तिनंही त्याचं परस्पर ठरवून टाकलं होतं.

बस आली. त्यानं पायरीवर पाय ठेवला, तशी ती पुढे धावली.

"साईनाथ, माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

तो वळला. त्याचे डोळे भरले होते.

"आता सांगतेस?" तो म्हणाला आणि कंडक्टरनं घंटी मारली.