परातीएवढा रंकाळा

शेवटचा रूळ बसेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. तो वीतभर तुकडा गिरिजानं जागेवर दाबला मात्र, आणि अख्खी रेल्वे मेली. स्टेशनातले दिवे गेले, डब्यांतले दिवे गेले, इंजिन जागच्या जागी थिजलं. तिनं तुकडा काढला. सगळं पुन्हा सुरू! परत लावला. परत बंद!

"हा काय चावटपणा आहे?" गिरिजा त्या बिचाऱ्या तुकड्यावरच ओरडली.

गिरिजा कोरेची ही रेल्वे मिरजेतल्या तिच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत, दोन टेबलं जोडून मांडलेली होती. एका टोकाला मिरज, दुसऱ्या टोकाला कोल्हापूर आणि मध्ये अर्धा भोपळा उपडा घालून केलेला डोंगर. खऱ्या मार्गावर असला डोंगर नाही, पण बोगद्याशिवाय रेल्वेला मजा नाही असं मुबीनचं ठाम मत होतं. मुबीन सतारमेकर तिचा शेजारी. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनत, त्यामुळे वाळक्या भोपळ्यांना तोटा नव्हता. गाडीचे आठही डबे त्यानं भोपळ्याच्याच पातळ सालीचे केले होते आणि प्रत्येकात तांदळाएवढा दिवा बसवला होता.

पण मुबीन आता शेजारी नव्हता, चंद्रावर होता. माणसं तिथं राहायला लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याच्या आईला, म्हणजे धातूंवर संशोधन करणाऱ्या शबनममावशीला, सोमपूर नावाच्या वसाहतीत काम मिळालं आणि सगळं घर तिकडं गेलं. रेल्वे अर्धवटच राहिली होती. मग गिरिजा एकटीनं ती पुढे बांधत राहिली आणि दर रविवारी, आठवड्यात काय काय झालं ते कॅमेऱ्यातून मुबीनला दाखवत राहिली. या कार्यक्रमाला दोघं 'पाहणी' म्हणत. सोमपूरची इतर मुलंही पाहणीला गर्दी करत आणि फुकटचे सल्ले देत.

येत्या रविवारची पाहणी मात्र वेगळी होती. मुबीनचं कुटुंब चंद्राच्या पलीकडच्या बाजूला चाललं होतं. चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते; पलीकडून पृथ्वी दिसतच नाही. तिथले संदेश एका उपग्रहाकडून वळवून घ्यावे लागतात आणि तो फक्त कामासाठी. म्हणजे वर्षभर पाहणी बंद.

"जायच्या आधी एकदा मला गाडी मिरजेहून कोल्हापूरला न्यायची आहे," मुबीन म्हणाला होता, "आणि परत मिरजेला आणायची आहे. आठही डबे घेऊन. आणि आभाळातून हात यायचा नाही हं!"

हा त्या दोघांचा नियम होता. गाडी अडो, घसरो, उलटो, ती हातानं उचलून सरळ करायची नाही. खऱ्या रेल्वेला कुठं आभाळातून हात येतो? पण कोल्हापूरला रूळ संपतात. तोंड फिरवून परत यायचं तर वळसा हवा. म्हणून गिरिजानं निळं रंगवलेलं स्टीलचं ताट ठेवून रंकाळा तलाव केला. एकच मार्ग येतो, त्याला दोन फाटे फुटतात, ते तलावाला वेढा घालून एकमेकांना मिळतात आणि गाडी आली त्याच मार्गावर उलट्या तोंडानं बाहेर पडते. वेढा पुरा व्हायला एकच तुकडा उरला होता. तोच हा चावट तुकडा.

कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेली घोरपड खाली सरकली. घोरपड म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला यंत्रमानव. घाटातल्या बोगद्यांत भिंतींवरून सरपटत रुळांचे तडे शोधण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आता ती गिरिजाकडे राहायला होती आणि पुरं उत्तर द्यायचं नाही ही तिची जुनी खोड होती.

"शॉर्टसर्किट," घोरपड म्हणाली. "वीज मोटारीतून फिरून परत जायची, ती मोटार सोडून आडवाटेनं पळाली. धोका नको म्हणून वीजपेटीनं स्वतःला बंद केलं."

"पण आडवाट आहे कुठं? तुकडा तर चांगला आहे!"

"आधी पाहणी, मग मत. तुझ्या रुळांतून वीज कशी जाते?"

"एका रुळातून येते, इंजिनाच्या चाकातून मोटारीत जाते, आणि दुसऱ्या रुळातून परत. एक रूळ धन, एक ऋण."

"मग शोध."

गिरिजा रागानं खाली गेली आणि आईच्या विणकामातली लोकर घेऊन वर आली. मिरजेपासून धन रुळाला लागून तिनं लाल लोकर टाकायला सुरुवात केली, ऋण रुळाला लागून निळी. डोंगरातून, कोल्हापुरातून, रंकाळ्याभोवती. लाल कायम डावीकडे, निळी कायम उजवीकडे. वेढा पुरा करून ती फाट्यापाशी परतली आणि हात तसाच हवेत राहिला. तलावाला फिरून आलेली लाल लोकर थेट निळ्या लोकरीच्या तोंडाशी आली होती. आणि निळी लालच्या.

"अय्या! गाडी तोंड फिरवते तसे रूळही तोंड फिरवतात! डावा रूळ फिरून उजव्याला जाऊन चिकटतो. म्हणजे मीच धनला ऋण जोडलं!"

"तूच," घोरपड समाधानानं म्हणाली.

आता गिरिजाला दम निघेना. वेढा मार्गापासून तोडायला हवा, पण गाडी तर जायला हवी. मग तिनं वेढ्याच्या दोन्ही टोकांना रुळांत नखाएवढी फट ठेवली आणि तिथं प्लॅस्टिकचा निरोधक (वीज पुढे जाऊ न देणारा तुकडा) बसवला. चाकं फट सहज ओलांडत, वीज ओलांडू शकत नव्हती. वेढ्याला वेगळी तार दिली.

"गाडी आत शिरताना दोन्हीकडची ध्रुवता (कुठला रूळ धन आणि कुठला ऋण, ते) सारखी असेल," ती बोलत बोलत विचार करत होती. "बाहेर पडताना मात्र उलटी भेटणार. मग गाडी वेढ्यात फिरत असतानाच मिरजेच्या मार्गाची ध्रुवता फिरवायची! वेढ्याची वीज वेगळी, म्हणून गाडीला पत्ताच लागणार नाही. आणि बाहेर पडेल तेव्हा लालला लाल, निळ्याला निळी!"

तिनं उलटसुलट करणारं एक बटण बसवलं, चार डबे जोडले, गाडी सोडली. वेढ्यात शिरली, बटण दाबलं, सांधा (फाट्यावरचे सरकते रूळ) बदलला, आणि गाडी डौलात बाहेर आली. गिरिजानं आनंदानं घोरपडीला मिठीच मारली.

मग आठ डबे जोडले. फट्! पुन्हा अंधार.

या वेळी घोरपडीला विचारायची गरज पडली नाही. इंजिन वेढ्यातून बाहेर पडायला आलं होतं आणि शेवटचा डबा अजून आत शिरायचा होता. दिव्यांना वीज मिळावी म्हणून मुबीननं डब्यांना धातूची चाकं लावली होती; तीच चाकं फटीवर पूल बांधत होती. एकाच वेळी दोन्ही फटींवर चाकं, आणि मार्गाची ध्रुवता एका वेळी एकाच फटीशी जुळणार. ताटाएवढ्या तलावाला आठ डब्यांची गाडी मोठी होत होती.

"दोन डबे कमी कर," घोरपड म्हणाली. "हिशोब सुटतो."

"नाही. त्यानं आठ सांगितलेत."

"त्याला कळणारही नाही."

"मला कळेल ना!" गिरिजाचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं लपवलंही नाही. "वर्षभर तो मला दिसणार नाहीये. त्याची गाडी मी तोडून दाखवू होय?"

गिरिजा जिना उतरून स्वयंपाकघरात गेली, मांडणीवरची सगळ्यात मोठी परात काढली आणि निळ्या रंगाचा डबा उघडला. तलाव मोठा, म्हणजे वेढा मोठा, म्हणजे गाडी सगळीच्या सगळी आत. सोपं तर होतं! दोन दिवस टेबलाला फळी जोडून रूळ नव्यानं टाकण्यात गेले.

"माझी परात कुठं गेली गं?" खालून आईचा आवाज आला. "कणीक काय डोक्यावर मळू?"

"रंकाळा झालाय तिचा!" गिरिजा वरून ओरडली. आईनं ती परात परत मागितली नाही.

रविवारी पडद्यावर मुबीन दिसला. मागे सोमपूरची मुलं, त्यांच्या मागे बांधून ठेवलेलं सामान. गाडीचा वेग त्याच्या हाती होता, सांधे आणि बटण गिरिजाच्या. चंद्रापर्यंत चित्र पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि तिकडचं बोलणं इकडं यायला तेवढाच; म्हणून तो गाडी अगदी जपून, मुंगीच्या चालीनं हाकत होता.

गाडी मिरजेहून निघाली, भोपळ्यात शिरली, कोल्हापूर ओलांडून रंकाळ्याला वळली. पाचवा डबा आत, सहावा, सातवा. आठवा फट ओलांडून गेला. गिरिजानं सांधा बदलला, बटण दाबलं. त्यानंतर कितीतरी वेळानं चंद्रावरून किंकाळी आली, "आता! आता दाब गिरिजा!"

"दाबलं कधीच! तू पुढं बघ!"

इंजिन फटीवरून गेलं. दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत. आठ डबे मागोमाग बाहेर पडले, डोंगरातून गेले आणि मिरजेच्या फलाटाला लागले, इंजिन पुढे. आभाळातून कुणाचाही हात आला नव्हता.

सोमपूरची मुलं नाचायला लागली. मुबीन मात्र पडद्याला नाक लावून बसला होता. जाण्यायेण्याचे अडीच सेकंद केव्हाच होऊन गेले होते.

"काय रे, झोपलास की काय?" गिरिजानं विचारलं.

"नाही," तो नाक ओढत म्हणाला. "मिरज आलं ना, म्हणून जरा... बघत होतो." मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "अम्मीलोक तिकडं खरीच रेल्वे टाकणार आहेत. खनिजाच्या गाड्यांसाठी. मी बाजूला आपली छोटी बांधणार. रोज एक चित्र काढून ठेवीन."

"काढच. वर्षानं परत आलास की सगळी एकदम बघीन. पाहणी आता माझी!"

"चुका काढशील ना?"

"एकूण एक," गिरिजा म्हणाली, आणि तिनं मिरज स्टेशनचे सगळे दिवे लावले.