तिसरा मास्क

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्यासोबत घडलं ते माझे सख्खे भाऊजी, जयाताईचे मिस्टर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

तारीख १९ ऑगस्ट २००९. वेळ भरदुपारी पावणेएक.

ठिकाण... पुण्याच्या वर पंचवीस हजार फूट.

राकेश भाऊजी पायलट. प्रवासी विमानाचे नव्हे, ढगांतली धूळ आणि बाष्प मोजणाऱ्या छोट्या विमानाचे. चौदा वर्षं हेच काम. मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला. विमानाची पायरीही चढलो नव्हतो, आणि हे रोज ढगात घुसायचे.

त्या दिवशी दोघंच होते. पुढे भाऊजी, मागे पूर्णिमा नावाची तरुण शास्त्रज्ञ. तिच्या शेजारची तिसरी सीट रिकामी. त्या विमानात एवढ्या उंचीवर ऑक्सिजनचा मास्क काढला, तर चार-पाच मिनिटांत माणूस बेशुद्ध.

ढगात शिरले. बाहेर सगळं पांढरं.

आणि हेडफोनमध्ये खोकला आला...

ओला. छातीतून खरवडून काढलेला.

"पूर्णिमा, बरं वाटत नाहीये का?"

"मी नाही खोकले सर. मला वाटलं तुम्हीच."

पुन्हा खोकला...

या वेळी भाऊजींच्या मास्कमध्ये काहीतरी आलं. कोमट. चिकट. ओठांवर पसरलं. कुजलेल्या हिरड्यांचा वास... त्यात शिळी तंबाखू.

भाऊजींनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही.

त्यांनी मास्क उचलून पाहिला. आत तारा सुटलेला पिवळा बेडका.

"सर..." पूर्णिमाचा आवाज चिरकला. "रिकाम्या सीटवर बघा."

तिथे जादाचा मास्क लटकत होता. त्याची रबरी पिशवी फुगत होती... बसत होती... पुन्हा फुगत होती.

कुणीतरी श्वास घेत होतं.

सिलिंडरचा काटा भराभर खाली येत होता.

"त्या मास्कचा नळ बंद कर!"

"बंदच आहे सर!"

भाऊजींनी विमान खाली घातलं. पण दहा हजार फुटांपर्यंत मास्क तोंडावर ठेवणं भागच होतं. प्रत्येक खोकल्याला तोंडात नवा गोळा. थुंकायला जागा नाही. नाकातोंडात तेच. ओकले असते तर गुदमरले असते.

श्वास घ्यायचा तर एकच मार्ग उरला होता...

लोहगावला उतरले. मेकॅनिक मच्छिंद्रने मास्क हातात घेतला आणि लांब फेकला.

"साहेब, हे कुणाचं?"

पूर्णिमाने ते काचपट्टीवर घेऊन तपासायला दिलं. सोबत दोघांचीही लाळ. आठवड्याने रिपोर्ट आला. माणसाचीच थुंकी. या दोघांपैकी कुणाचीच नाही.

त्या विमानात कधी कुणी मेलं नव्हतं. भाऊजींनी सगळी जुनी कागदपत्रं चाळली.

तीन महिन्यांत त्यांनी उड्डाण सोडलं. परवा मी धीर करून विचारलं, "भाऊजी, एवढी भीती बसली?"



"भीती नाही रे," ते म्हणाले. "मी ते गिळलंय."