चौथा कप

टेबलावर तीनच कप हवेत, हे ती सकाळपासून सहाव्यांदा सांगत होती.

सिनेमाच्या सेटवर तिचं काम एवढंच: आधीच्या शॉटमध्ये जे जिथे होतं, ते पुढच्या शॉटमध्येही तिथेच आहे ना, हे पाहायचं. सगळे तिला मोजपट्टी म्हणत. निघताना लेकीने बजावलं होतं, "आई, पाचचा चहा आज तरी तिघांनी मिळून. नाहीतर तुझा कप मांडणंच बंद करेन मी." आता तीन वाजले होते आणि मॉनिटरवर पुन्हा चार कप दिसत होते.

"काका, चौथा कुणी ठेवला?"

"तुमच्या डोळ्यांदेखत तीन मांडले, बाई," सामानवाले काका वैतागले. "कप म्हणजे काय उंदीर आहेत, पिल्लं घालायला?"

तिने टेबलाकडे पाहिलं. तीन. मॉनिटरकडे पाहिलं. चार.

गोष्ट जुनीच होती. कुणाची तरी वाट पाहत एक बाई रोज टेबल मांडते. मूळ पुस्तकात कप दोन होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यावर सिनेमा निघाला, त्यात तीन झाले. म्हणून या नव्या सिनेमातही तीन. "पुस्तकातले दोन का नकोत?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "लोकांना तीन आठवतात," दिग्दर्शक म्हणाला होता. "गोष्ट दुसऱ्याच्या तोंडी गेली की तिखटमीठ लागतंच."

आज तोच म्हणाला, "मोजपट्टी, चारपर्यंत तरी मोजता येतं ना तुला?"

जुन्या सिनेमाची नोंदवही संदर्भासाठी आणून ठेवली होती, ती तिने उघडली. तेव्हा तिचंच काम करणाऱ्या कुणाची तरी वही, बारीक, नेटक्या अक्षरातली. शेवटची नोंद होती: 'मांडले दोन, दिसतात तीन. तिसरा निळ्या काठाचा. माझा घरचा कप असाच आहे.'

पुढची पानं कोरी होती. त्या सिनेमाची नामावलीही तिने पाहिली. या कामासमोर कुणाचंच नाव नव्हतं.

ती मॉनिटरजवळ गेली. चौथा कप पिवळा होता. कान तुटून पुन्हा चिकटवलेला, गोंदाचा ओघळ डावीकडे. तो तिचाच घरचा कप होता; नवऱ्याने चिकटवला होता, गेल्या महिन्यात.

"हा शॉट पुन्हा घेऊ," ती म्हणाली.

"आता पुरे," दिग्दर्शक म्हणाला. "राहू देत चार. भरल्यासारखं वाटतं."

पाचला दहा मिनिटं कमी असताना ती घरी पोचली. किल्लीने दार उघडलं. नवरा आणि लेक टेबलाशी बसले होते. दोन कपांतून वाफ येत होती.

"आले गं," ती म्हणाली.

"बाबा, दार उघडं कसं राहिलं?" लेक उठली, तिच्या शेजारून गेली आणि दार लावून आली.

ती स्वयंपाकघरात गेली. कप टांगायच्या खुंट्या मोजल्या.

दोन.

तिसरीच्या जागेवरून तिने बोट फिरवलं. भिंत गुळगुळीत होती. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.