परत येणारी पट्टी

मंगळवारी सकाळी मलिकानं दुकानाचं शटर जेमतेम अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"मलिका, पट्टी परत आली बघ," शिवगंगाकाकू म्हणाल्या.

आवाजात तक्रार नव्हती. घरी पाहुणा आल्याचं कुणी कळवावं, तसा तो आवाज होता.

मलिकानं वही उघडली. अहमदपूरच्या एसटी स्टँडमागे तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. कुठलंही काम केलं की तारीख घालून वहीत लिहायचं, ही तिची अकरा वर्षांची सवय. गुरुपादप्पांच्या बियाण्याच्या दुकानातली ही एकच तक्रार तिनं दोन महिन्यांत सातव्यांदा लिहिली.

तक्रार तशी साधी होती. ब्राउझरच्या वरच्या बाजूला एक नारिंगी टूलबार येऊन बसायचा. 'सुरेल' असं त्याचं नाव, कोपऱ्यात वीणेचं चित्र, मध्ये गाणं शोधायचा रकाना. काकूंचे यजमान गुरुपादप्पा, म्हणजे आप्पा, दोन महिन्यांपासून बियाण्याच्या साठ्याची माहिती भरायला सरकारी पान उघडायचे आणि हा टूलबार त्यांना भलत्याच जाहिरातींवर नेऊन सोडायचा. मलिकानं तो प्रोग्रामच्या यादीतून काढला होता, ब्राउझरच्या आतून काढला होता, ब्राउझर उघडायच्या चिन्हाच्या पोटात दडलेलं त्याच्या पत्त्याचं शेपूट कापलं होतं. आठवडाभर सगळं स्वच्छ राहायचं. मग पट्टी पुन्हा हजर.

ती बियाण्याच्या दुकानात पोचली तेव्हा आप्पा तिथं नव्हते, गोदामात होते. काकू स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होत्या. वर्ष-सव्वा वर्षापूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं दुकानात त्या फारशा येत नसत. पट्टी आली की मात्र येत.

"काकू, काल कुणी कॉम्प्युटर लावला होता?"

"काल सोमवार. दुकान बंद. किल्ली माझ्याकडं."

"मग ही आली कशी?"

काकूंनी आवाज खाली आणला. "मला ठाव हाय कुणी आणली ते. महांतेशनं."

महांतेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. हा टूलबार त्यानंच हौसेनं घातलेला, दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि स्वतःच्या लॅपटॉपवरही. दोन वर्षांपूर्वी गाणी ऐकण्याच्या नादात त्यानं एका शेतकऱ्याला भलत्याच वाणाची पिशवी दिली. आप्पांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली मारली. त्याच संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन निघून गेला. नंतर ना पत्र, ना फोन.

"तसं नसतं हो, काकू," असं म्हणायला मलिकानं तोंड उघडलं आणि तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडं गेलं. एका गोल चिन्हात 'म' हे अक्षर होतं. अख्खं दुकान आजही महांतेशच्या खात्यावर चालत होतं. पहिल्याच खेपेला तिनं ते खातं बंद करायचं म्हटलं होतं, तेव्हा काकूंनी तिचा हात धरला होता. त्याचं नाव काढायचं नाही, बाकी काय काढायचं ते काढ.

आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. एका खात्यावर जितकी यंत्रं, तितक्यांवर ब्राउझर सारखाच राहतो. इथली पट्टी तिनं कितीही मुळापासून उपटली तरी दुसऱ्या यंत्रावर मूळ शिल्लक असेल, तर ते यंत्र चालू झालं की पट्टी इथंही उगवणार.

तिनं खात्याचं पान उघडलं. तिथं दोन यंत्रं होती. एक हे. दुसरा एक लॅपटॉप. शेवटचा वापर: काल, सकाळी अकरा वाजून चोवीस मिनिटं. गाव: हैदराबाद.

मलिकानं ते मोठ्यानं वाचलं. तिथंच ती चुकली.

काकू उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जित्ता हाय."

"लॅपटॉप चालू आहे, काकू. तो दुसऱ्या कुणाकडंही—"

"तो आपली वस्तू कुणाला देणारा न्हाई." त्या डोळे पुसत हसल्या. "मागच्या महिन्यात एक आठवडा पट्टी आली न्हाई, तर मी नुसती झुरले. तेव्हाच ह्यांनाबी ताप. बारा दिवस अंथरुणाला खिळून. दोन्हीकडून जीव टांगणीला."

गोदामातून आप्पा आले. काकूंनी एका श्वासात सगळं सांगितलं. कालच त्यानं कॉम्प्युटर लावलाय, मलिकानं स्वतः बघितलंय, पुढच्या मंगळवारी मी जाऊन त्याला घेऊन येणार.

आप्पा ऐकत होते. हातातलं पोतं त्यांनी हळूच खाली ठेवलं. "तुला प्रवास झेपायचा न्हाई," एवढंच म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

"त्यांनी आशाच सोडली गं," काकू म्हणाल्या. "आधी दर आठवड्याला पोलीस ठाण्यात जायचे. मी लातूरला दवाखान्यात होते, तिथून आल्यापासून एकदाबी गेले न्हाईत. आता सोमवारी नांदेडला माल बघायला जातात, तेवढाच त्यांचा विरंगुळा. जाताना अंगणातला बेल तोडून नेतात. मी म्हणते, निदान देवाला तरी विसरले न्हाईत."

मलिका आपल्या दुकानात परतली. दिवसभर तिचं कशात चित्त लागेना. दुपारी तिनं सहज स्वतःच्या खात्याचं तेच पान मोबाइलवर उघडलं. तिच्या फोनचं गाव दाखवत होतं: हैदराबाद.

ती उभ्या जन्मात हैदराबादला गेली नव्हती.

मोबाइलचं नेट वापरलं की कंपनीचं केंद्र जिथं असेल ते गाव दाखवतात. हे तिला ठाऊक होतं. कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या पोरांना ती स्वतः हे शिकवायची. आणि तरी एका आईच्या तोंडाकडं बघून विसरली. महांतेशचा लॅपटॉप कुठंही असू शकत होता. शेजारच्या तालुक्यातसुद्धा.

काकूंना लगेच सांगावं म्हणून तिनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. गाव खोटं असलं तरी वेळ खोटी नव्हती. आधी खात्री करायला हवी. तिनं वही पुढं ओढली. सात नोंदी. सातही मंगळवारच्या. मधला एक मंगळवार रिकामा.

मग तिला आप्पांची आठवण झाली. दोन वर्षं बेपत्ता असलेला मुलगा सापडला असं बायको सांगतेय आणि बापानं एक प्रश्न विचारला नव्हता. कुठं?

पुढच्या सोमवारी ती सकाळी नऊलाच काकूंकडं गेली. बंद दुकान उघडून घेतलं, पट्टी काढली आणि पडद्यासमोर बसून राहिली. दुकानामागच्याच घरात, स्वयंपाकघरात काकू उद्याच्या प्रवासासाठी पीठ मळत होत्या. अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी, कुणीही हात न लावता, पडद्यावर नारिंगी पट्टी आली.

आप्पा पहाटेच नांदेडला गेले होते.

साडेचारला ते परत आले. हातात रिकामी कापडी पिशवी होती. मलिका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिनं त्यांना आत बोलावलं आणि मधलं दार लोटून घेतलं.

"आप्पा, माल कुठंय?"

"कुठला?"

"नांदेडचा."

"माल गुरुवारी टेम्पोनं येतो. तुला ठाव हाय की."

"मग सोमवारी काय आणायला जाता?"

आप्पा पोत्यावर बसले.

"बेल कुणाला वाहता?"

"देवाला."

"देवळात फरशी असते, आप्पा. तुमच्या धोतराला गुडघ्यावर माती लागलीय."

आप्पांनी गुडघ्यावर हात ठेवले, लहान मुलानं काहीतरी झाकावं तसे.

आपलं चुकलेलं असावं, असं मलिकाला अजूनही मनापासून वाटत होतं. तिनं खाली मान घालून, वहीकडं बघत सांगायला सुरुवात केली. पट्टी फक्त सोमवारी येते, कारण महांतेशचा लॅपटॉप फक्त सोमवारी उघडतो. स्वतः महांतेश तो वापरत असता, तर रोज उघडला असता. ज्या सोमवारी तुम्ही तापानं फणफणून घरी होता, त्या सोमवारी तो उघडला नाही. म्हणजे तो तुमच्यासाठीच उघडला जातो. काकू दवाखान्यातून आल्या तेव्हापासून तुम्ही ठाण्याची पायरी चढला नाहीत. जो माणूस शोधायचा थांबतो, त्याला एक तर आशा नसते, नाहीतर ठावठिकाणा माहीत असतो. महांतेश जिवंत असता, तर तुम्ही त्याला भेटून काकूंपासून लपवलं नसतं. आणि बेल, आणि माती.

"लिंगायतांत दहन नसतं," ती म्हणाली. "पुरतात. तुम्ही दर सोमवारी त्याच्या समाधीवर जाता. मी चुकत असेन, तर माझ्या तोंडात मारा, आप्पा."

बराच वेळ आप्पा पोत्याची शिवण चाचपत राहिले. मग बोलले, ते अगदी शांतपणे.

महांतेश लांब गेलाच नव्हता. नांदेडला एका छापखान्यात कामाला होता, रिजवान नावाच्या सोबत्याबरोबर खोली घेऊन. चौदा महिन्यांपूर्वी त्याला डेंगी झाला. तीन दिवसांत संपला. रिजवाननं आप्पांचा मोबाइल नंबर शोधून त्यांना फोन केला, तेव्हा काकूंचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस होता. डॉक्टर म्हणाले होते, कसलाही धक्का नको. मेहुणीला काकूंच्या उशाशी बसवून, माल बघून येतो असं सांगून आप्पा लातूरहून नांदेडला गेले. मुलाला माती दिली आणि संध्याकाळी दवाखान्यात परतले.

"तिनं विचारलं, माल मिळाला का. मी हो म्हटलो." आप्पांनी धोतरावरची माती झटकली. "तो 'हो' मग चौदा महिने आत अडकून बसला. आधी डॉक्टरचं निमित्त होतं. मग वाटलं, सांगायचं तर कुठनं सांगू? मीच मारलं होतं त्याला, भर दुकानात. तिथनं सुरुवात करावी लागंल."

समाधीवर जाऊन आले, की ते रिजवानच्या खोलीवर जायचे. रिजवान आपल्या मोबाइलचं नेट जोडून महांतेशचा लॅपटॉप उघडायचा आणि त्याचे फोटो दाखवायचा. अर्धा तास. त्या अर्ध्या तासामुळं अहमदपूरच्या दुकानात पट्टी उगवते, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

"आणि इकडं तुम्हीच मला ती काढायला लावत होता," मलिका म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं, बाई. मला वाटलं जुनाट यंत्र, काहीतरी खोट असंल." मग ते म्हणाले, "तिला नको सांगू. डॉक्टर—"

"डॉक्टरनं आता चालायला सांगितलंय त्यांना, जिने चढायला सांगितलंय. तुम्हीच मला सांगितलं होतं." मलिकानं वही मिटली. "उद्या त्या हैदराबादला निघाल्यात. गल्लीगल्लीत पोराचा फोटो दाखवत फिरतील. मी सांगितलं म्हणून. मला त्यात एकटीला नका ठेवू, आप्पा."

आप्पा उठले. मधलं दार त्यांनी स्वतःच्याच हातानं ढकललं.

स्वयंपाकघरात काकू दुधात मळलेल्या दशम्या फडक्यात बांधत होत्या. पोराला आवडतात आणि चार दिवस टिकतात, असं त्या मलिकाला सकाळीच म्हणाल्या होत्या. आप्पा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य आलं नाही.

काकूंनी फडक्याची गाठ पुरी बांधली. मग हात मांडीवर ठेवले. मलिका दाराशी उभी होती. धावून जावं की थांबावं, तिला कळेना.

"आंघोळ कुणी घातली?" काकूंनी विचारलं.

"मी."

"गळ्यात इष्टलिंग होतं?"

"होतं. डाव्या तळहातावर मीच ठेवलं."

"मातीत त्याला नीट बसवलं? का घाईघाईत आडवं?"

"बसवलं. क्रिया करायला जंगम बोलावला होता. रिजवाननं आणि त्याच्या दोस्तांनी खड्डा खणला."

काकूंनी मान हलवली. काकूंना रडू फुटेल म्हणून मलिका वाट बघत होती. पण काकूंच्या चेहऱ्यावर ते कुठंच फुटत नव्हतं, नुसतं सगळं आत आत ओढलं जात होतं.

"शेवटी काही म्हणाला का?"

"मला ठाव न्हाई," आप्पा म्हणाले. "मी पोचलो तवर... रिजवान होता जवळ."

"तुम्ही विचारलं न्हाई त्याला? चौदा महिन्यांत?"

"धीर झाला न्हाई. माझं नाव घेतलं असंल तर काय ऐकू? आणि न्हाई घेतलं असंल तर?"

काकूंनी आप्पांना शब्दानंही बोल लावला नाही. मलिकाला वाटलं, बोल लावला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी दाराकडं हात पुढं केला. "मलिका, त्या पोराला फोन लाव."

आप्पांनी नंबर सांगितला, पाठ होता तो. पलीकडं घंटी वाजली आणि मलिकानं फोन काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"रिजवान? बाळा, मी महांतेशची अव्वा, त्याची आई बोलतीय," त्या म्हणाल्या. पलीकडून कुणीतरी हुंदका गिळल्यासारखा आवाज आला.

"रडू नको. आधी मला सांग, तू जेवलास का?"