पाण्याला न टेकलेली बादली

वीज यायला वेळ लागेल, बसा. कंदील असा मधे ठेवते, म्हणजे तुम्हालाही दिसेल न् मलाही. तुम्ही गल्लीत नवीन, म्हणून परवा विचारलंत की माझ्या शेजारच्या घराच्या मधल्या खोलीला बाहेरून कुलूप का, आणि त्यावर ते लाल शिक्के कसले. बाकी कुणी सांगणार नाही. मी सांगेन, कारण माझी जीभ मला गप्प बसू देत नाही, हे आख्ख्या सांगलीला ठाऊक आहे.

एक दिवस मी त्या घरी, सुरेखाअक्कांकडे, गेले होते ती विरजण मागायला. उन्हं कलली होती. अक्का जैन, त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवून घेतात. सून भाग्यश्री जेवायला बसली होती. अक्का जेवत नव्हत्या. त्या मधल्या खोलीच्या बंद दाराशी पाट टाकून बसल्या होत्या, दाराला कान लावून.

"अक्का, काय ऐकता?"

"काय न्हाई गं शकू. बस. विरजण देते."

पण उठल्या नाहीत.

त्या खोलीत त्यांचा आड आहे. घरातलाच, छोटा. कृष्णाकाठ जवळ, त्यामुळं पाणी अगदी वर. वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसावं इतकं. अक्कांचे मालक धनपालअण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ सन्मतीकाका यांच्यात वाटणीवरून बिनसलं, आणि आड कुणाचा यावर दावा लागला. मी लग्न होऊन गल्लीत आले ते त्याच पावसाळ्यात. निकाल लागेपर्यंत खोली आहे तशी ठेवायची, कुणी वापरायची नाही, असा हुकूम झाला आणि कोर्टाची माणसं कुलूप घेऊन आली.

त्या सकाळी अक्का आत पाणी भरत होत्या. आता ह्यांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. पाणी फडक्यानं गाळून घ्यायचं. मग फडक्यावर डोळ्याला न दिसणारे जे जीव राहतात, ते थोड्या पाण्यात उतरवायचे आणि ते पाणी जिथलं तिथंच परत सोडायचं. जिवाणी म्हणतात त्याला. वरून ओतायची नाही, जिवांना आपटेल. बादलीच्या बुडाला दोर बांधून तो वर कडीत नुसता अडकवतात, ती अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की हिसका द्यायचा, मग ती आपोआप कलंडते. दुसऱ्या पाण्यात सोडून चालत नाही. ज्या पाण्यातून काढले, त्याच पाण्यात.

अक्कांनी जिवाणीची बादली भरून आडाच्या कठड्यावर ठेवली होती. तेवढ्यात दारात माणसं.

"बाई, भाईर या."

"एवढी बादली सोडते आन् येते."

"आधी भाईर या. मग काय ते कोर्टात सांगा."

आल्या बिचाऱ्या बाहेर. कुलूप लागलं. बादली आत राहिली.

वकिलांकडे त्या स्वतः गेल्या. हे मला त्यांनीच सांगितलं, एकदा नाही, कैकदा. "सायेब, घटकाभर दार उघडायला सांगा. मला आड नको, खोली नको. बादली सोडते आन् भाईर येते." वकील हसले. "अक्का, तिथं माणसांचं ऐकायला कुणाला सवड न्हाई, तुमच्या किड्यांचं कोण ऐकंल?" तरी माणूस चांगला, अर्ज दिला. कोर्टानं समोरच्यांचं म्हणणं मागवलं. समोरची म्हणजे कोण, सख्खी जाऊ! ती परसातून ओरडून म्हणाली, "माझं काय म्हणणं आसनार? उघड की!" पण ते लिहून यायला हवं. लिहून झालं तोवर साहेबांची बदली. नवे साहेब आले तर फाईल सापडेना. सापडली तर हुबळीच्या नणंदेची नोटीस पोचली नव्हती. पोचली तोवर नणंदच वारली. मग तिचे वारस लावा. मग वकील वारले. मग धनपालअण्णा, मग सन्मतीकाका. प्रत्येकाचे वारस लावायचे, आणि ते लागेपर्यंत पुढची तारीख.

भांडण कधीच संपलं होतं हो. दोन्ही जावा एकमेकींना आमटी द्यायच्या. फक्त दावा संपत नव्हता.

मुनिमहाराज आले तेव्हा अक्कांनी त्यांना विचारलं. जीव तुझ्या हातून अडकलेत, असं म्हणून त्यांनी नियम दिला. दार उघडेपर्यंत एकवेळ जेवायचं. भरल्या अंगाची बाई, बघता बघता काठी झाली. मी म्हणायचे, "अक्का, आता त्या बादलीत काय असणार? कवाच वाळलं असेल." त्या म्हणायच्या, "वाळलं आसतं तर मला ऐकू आलं नसतं."

ते मलाही ऐकू यायचं. खोटं कशाला बोलू, भिंतीला पेला लावून ऐकायची माझी खोड आहे. माझं न्हाणीघर त्या खोलीला लागून. दुपारी गल्ली निजली की आतून पाणी हलल्याचा आवाज यायचा. डुचमळल्यासारखा… बादलीला कुणाचा तरी धक्का लागावा तसा. ओल्या फडक्याचा वासही यायचा. महापुराच्या साली आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. आम्ही सगळे शाळेत राहायला गेलो. परत आलो तेव्हा मी म्हटलं, "अक्का, नदीच येऊन बादली सोडून गेली बघा. झालं तुमचं काम." त्यांनी दाराला कान लावला आणि मान हलवली.

तर त्या दिवशी त्यांनी मला विरजण दिलं आणि हळूच म्हणाल्या, "शकू, निकाल लागला. उद्या उघडत्यात."

मला रडूच आलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सकाळच्याला ये. माझे पाय कापत्यात, धरायला कुनी पायजे."

सकाळी बेलीफ आले. लालासाहेब त्यांचं नाव, आपल्याच तालुक्यातले, बोलायला गोड. अक्कांचा मुलगा भरतेश शिरवळला कंपनीत, त्याला रजा मिळाली नव्हती. मी, अक्का आणि भाग्यश्री, एवढ्याच. जाऊबाई त्यांच्या दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

कुलूप गंजलं होतं, तोडावं लागलं. दार ढकललं आणि आतून गार वारा आला. कोंदट नाही हो. सकाळी सकाळी पाणी भरलेल्या घराला जो वास असतो ना, तो.

मी आधी भिंतीकडं बघितलं. बाहेर सगळ्या गल्लीच्या भिंतींवर पुराची रेघ आहे. आत नव्हती. जमिनीवर गाळ नव्हता, धूळ नव्हती, एक जळमट नव्हतं. फरशी ओली होती. विळीशेजारी कुलूप लागलं त्या सकाळची अर्धी चिरलेली भेंडी होती, आणि तिला तार सुटत होती…

"आयला," लालासाहेब म्हणाले आणि दाराबाहेरच थांबले. "इथं कोन राहतंय?"

कठड्यावर बादली होती. काठोकाठ भरलेली.

अक्कांनी माझा हात सोडला. एवढा वेळ थरथरणारी बाई ताठ चालत गेली, बादलीवर वाकली, आणि कुशीतल्या पोराशी बोलावं तसं म्हणाली, "आले गं बायांनो, आले. लय उशीर केला." मग माझ्याकडं वळून, "शकू, जित्ती हायती."

मला काही दिसलं नाही. पण पाणी हलत होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

अक्कांनी दोर रहाटावरून घेतला, बादली आत सोडली आणि हळूहळू दोर द्यायला लागल्या. पाणी वरच होतं, मी वाकून बघत होते. माझं तोंड दिसत होतं, अक्कांचं दिसत होतं. बादली खाली चालली होती. रहाट कुरकुरत होता. दोर जात होता, जात होता…

"टेकली का गं?"

"आत्ता टेकंल, अक्का."

वीतभर अंतर राहिलं होतं. दोर आणखी सुटला. अंतर वीतभरच. आणखी सुटला. बादली दिसतेय, पाणी दिसतंय, खालून तिची सावली तिला भेटायला वर येतेय, आणि मधली वीत काही सरत नाही. दोराची वेटोळी संपली. भाग्यश्रीनं परसातला दुसरा दोर आणून जोडला. तोही गेला.

"अक्का, वर घ्या… हे काही बरं न्हाई."

"वर न्हाई घेनार. एकदा वर ऱ्हायली म्हनून तर एवढं झालं." त्यांचा आवाज मात्र शांत होता. "आपन एवढं थांबलो. आता काय, वीतभर तर हाय."

लालासाहेबांनी दारातूनच कागदावर सही घेतली आणि निघून गेले. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

अक्का कठड्याशीच बसल्या, दोर धरून. जेवण नाही, झोप नाही. आम्ही दोघी आळीपाळीनं जवळ बसायचो. दोर आम्हाला देईनात. कधी भाग्यश्री रडायची, कधी मी ओरडायचे, कधी भरतेशला फोन लावायचो. तो म्हणायचा, "काकू, दोर काढून घ्या की तिच्याकडनं!" फोनवरून सगळं सोपं असतं.

आठवडाही झाला नसेल, लालासाहेब परत दारात. मान खाली.

"अक्का… हुबळीच्या नणंदबाईंच्या नातवानं अपील केलंय. वरच्या कोर्टानं पुन्ना आहे तसं ठेवाय सांगितलंय. कुलूप लावाय लागंल."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या नातवानं कधी हे घरसुद्धा पाहिलेलं नाही. लालासाहेब म्हणाले, "वैनी, मला शिव्या द्या, चालंल. मी तरी काय करू?"

अक्का उठल्या. दोर रहाटाच्या खांबाला गुंडाळला, गाठ मारली, गाठीवरून हात फिरवला. उंबऱ्यावर येऊन मागं वळल्या. "मधेच टांगून आले गं शकू त्यांना. कठड्यावर तरी बरी व्हती."

दार लागलं. लाख वितळवून शिक्के बसले. तुम्ही बघितलेत ते हेच.

त्यानंतर अक्का अंथरुणातून उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. मला वाईट कशाचं वाटतं सांगू? त्या बाईनं कोर्टाकडं जमीन मागितली नाही, घर मागितलं नाही. घटकाभर दार मागितलं होतं. ऐन तारुण्यात मागितलं, आणि ते मिळालं तेव्हा हातात दोर धरायचं बळ उरलं नव्हतं.

त्या गेल्या, तेव्हा आंघोळ घालायला मी होते. हाताच्या मुठी वळलेल्या. उघडून बघते तर दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ. कठड्याशी बसल्या होत्या त्याचे म्हणावेत, तर त्याला कितीतरी दिवस झाले होते, आणि हे लालभडक, ओले. आत्ता हातातून दोर सरसरत गेल्यासारखे. मी मुठी परत मिटल्या. भाग्यश्रीला सांगितलं नाही. हो, मी! मी सांगितलं नाही.

पुढं नेहमीसारखंच. अक्का वारल्या, म्हणून अपिलात त्यांचे वारस लावायचे. नवीन वकिलांनी अर्ज दिला, आणि गंमत बघा, एवढं एक काम मात्र वेळेवर झालं. अक्कांच्या जागी भरतेशचं नाव लागलं.

गेल्या महिन्यात तो शिरवळहून आला होता. मी चहा घेऊन गेले. बशी डाव्या हातानं धरली, कप डाव्या हातानं उचलला. उजवा हात मांडीखाली.

"हात का लपवतोस रं?"

"काय न्हाई काकू. कंपनीत लागलं आसंल."

मी कुठली ऐकते. मनगट धरून हात वर ओढला आणि बोटं उघडली. ह्या पोरानं त्या आडाचा दोर जन्मात कधी धरला नाही. दार पहिल्यांदा बंद झालं तेव्हा तो झालाही नव्हता, आणि उघडलं तेव्हा तो इथं नव्हता. तळव्यावर आडवा वळ होता. त्यात काथ्याचा एक बारीक धागा रुतलेला.

"कवापासनं?"

त्यानं शिक्क्यांच्या दाराकडं बघितलं. मग एकदम हळू म्हणाला, "कोर्टात नाव लागलं तवापासनं. झोपलो की जास्त हुतंय… काकू, लय जड हाय."

"काय जड हाय रं?"

मी तळव्याकडं बघत होते. खोटं वाटेल तुम्हाला. तो धागा हलत होता. अंगठ्याकडून करंगळीकडं, अगदी सावकाश, सरकत चालला होता.

भरतेशनं मूठ गच्च मिटली.