पाणी मारलेला मुरूम

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो. पटवून पटवून तोंड दुखलं माझं.

भुताच्या गोष्टी म्हणे अमावस्येच्या रात्री घडतात. ही भर दुपारी घडली.

दोन हजार एकोणीसचा एप्रिल. दुष्काळाचं वर्ष. आष्टी तालुक्यातलं आमचं गाव... नाव सांगत नाही. गावाला आधीच सोयरीक कुणी देत नाही.

मी आसाराम. गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. सचिव कसला, कुलपाचा राखणदार! चारा नाही म्हणून जनावरं छावणीला गेली. दूध बंद, म्हणून संस्था बंद. दसरा झाला की कोयता उचलून ऊसतोडीला जायचं, एवढंच समोर दिसत होतं.

बायको रुक्मिणी रोज म्हणायची, "औंदा तरी कोयता नगं."

अशात माझा चुलतभाऊ पंडित पुण्याहून आला. त्याला कंपनीनं काही महिने फ्रान्सला पाठवलं होतं. तिथं त्याला एक खूळ लागलं. खडीच्या रस्त्यावर सायकल चालवायचं! तिकडे म्हणे शेताशेतातून खडीचे रस्ते आहेत आणि लोक मुद्दाम डांबर सोडून त्यावरून जातात.

मी डोक्याला हात लावला. आम्ही डांबरासाठी पुढाऱ्यांच्या दारात चपला झिजवल्या, आणि हा बहाद्दर खराब रस्ता शोधत आला होता.

पण त्याचं पुढचं बोलणं ऐकून मी सरसावून बसलो. दिवाळीनंतर तो पुण्याची माणसं सायकली घेऊन आणणार होता. मुक्काम दूध संस्थेत, जेवण गावातल्या बायकांच्या हातचं. दर वर्षी.

म्हणजे कोयता सुटला असता.

"फक्त चांगला खराब रस्ता दाखव बे," पंडित म्हणाला.

असा रस्ता आमच्याकडे होता. माळावर, बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर लोकांनी खडी फोडून केलेला. पाऊस पडला, काम थांबलं, असं सांगतात. रस्ता अर्ध्यातच राहिला. एका बाभळीपाशी संपतो. कुठंच जात नाही.

पंडित खूश झाला. पहिल्या दिवशी आम्ही बाभळीपर्यंत गेलो. पुढे नुसते धोंडे. त्यानं खूण म्हणून फांदीला नारिंगी फीत बांधली आणि आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. माझी सायकल जुनी. दोनदा चेन पडली. फोनला रेंज नाही. वर ऊन. माझं डोकं आधीच फिरलं होतं.

बाभूळ आली. नारिंगी फीत तिथंच होती.

पण रस्ता संपला नाही...

बाभळीच्या पुढे गेला होता.

"काल इथं धोंडे होते ना?" पंडितनं विचारलं.

मी खाली उतरलो. नवी खडी. वर तांबडा मुरूम. हात लावला...

ओला होता.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. आग झाली अंगाची! आमच्या बाया हंडे घेऊन टँकरमागं धावतात, आणि इथं कुणी मुरमावर पाणी मारतंय? कुठला ठेकेदार, कुठला गुत्तेदार हा? मी तोंडाला येईल ते बोललो.

बोलून थांबलो, तेव्हा ऐकू आलं.

ठक... ठक... ठक...

दगडावर हातोडी. एक नाही, पुष्कळ. थोडं पुढं, चढाच्या पलीकडे.

"चल, धरू त्यांना," मी म्हणालो.

तेवढ्यात माझं चाक बसलं. पंक्चर. मी कपाळावर हात मारला. पंडित सायकल दामटत एकटाच पुढे गेला आणि चढाआड दिसेनासा झाला.

मी एकटा राहिलो.

माळावर टिटवी नाही, होला नाही. वारासुद्धा नाही. फक्त ती ठकठक.

आणि मग शिट्टी वाजली.

पंडितच्या पाठपिशवीच्या पट्ट्याला शिट्टी होती. परदेशी पिशवी ती. मला बोलवायला त्यानं ती जोरात फुंकली.

ठकठक थांबली...

एका क्षणात. सगळी.

मग लोखंडी घमेली खाली ठेवल्याचा आवाज आला. एकामागून एक. लांबून जवळ येत.

मग बांगड्या. कुणाचा तरी कोरडा खोकला.

मग पावलं... माझ्या दोन्ही बाजूंनी. खूप पावलं. थकलेली, ओढत चालणारी. माणूस एकही नाही. धूळसुद्धा उडाली नाही.

मी सायकलीला धरून उभा राहिलो. माझ्या कानाशी एक बाई दमून म्हणाली,

"झाली बाई सुट्टी."

पावलं निघून गेली. पंडित चढावरून चालत आला. सायकल हातात, तोंड पांढरंफटक.

"तिथं कुणीच न्हाई," तो म्हणाला. "नुसते खडीचे ढीग. पण आसाराम... माझ्यामागून कोणतरी येतंय."

संध्याकाळी मी चतुराबाईकडे गेलो. गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. बाहत्तरला ती त्याच कामावर होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शिट्टीचं ऐकल्यावर तिनं तोंडावर पदर धरला.

"आमच्या टोळीला एकच नेम व्हता," ती म्हणाली. "मुकादमानं शिट्टी मारल्याबिगर हात थांबवायचा न्हाई. पोर रडू दे, न्हाईतर चक्कर येऊ दे. त्या दिशी मुरमाच्या खाणीची दरड बसली. बाया आत ऱ्हायल्या. मी तापानं घरी व्हते म्हणून वाचले. मुकादम भेला आन् पळून गेला. लोकांनी मढी काढली, पर शिट्टी काही कुणी मारली न्हाई."

"मग आता पंडितनं मारली की, आजी. सुटल्या बिचाऱ्या."

चतुराबाई माझ्याकडे बघतच राहिली.

"सुटल्या? लेका, सुट्टी झाली म्हंजी उंद्या कामावर यायचंच की. शिट्टी ज्याची, टोळी त्याची."

मी चिडलो. म्हातारी काहीही बोलते, असं म्हणून उठलो. पंडितला यातलं काही सांगितलं नाही. तो भिऊन गेला असता तर दिवाळीचं सगळं मुसळ केरात.

पहाटे वत्सलाकाकूंनी, म्हणजे पंडितच्या आईनं, मला हाक मारली. त्यांच्या अंगणात धुळीत गोल गोल ठसे होते. घमेल्यांचे. दारापासून फाटकापर्यंत.

पंडित उंबऱ्यावर बसला होता.

"वाट बघतायत," एवढंच म्हणाला.

तो त्याच दिवशी पुण्याला गेला. ती पिशवी त्यानं वाटेत फेकून दिली. उपयोग झाला नाही. आठवड्यानं त्याचा फोन आला. सहाव्या मजल्यावर राहतो तो. पहाटे दाराबाहेर घमेली ठेवल्याचा आवाज येतो म्हणाला.

"कावून माझ्याच मागं लागल्या, आसा?"

तेव्हा मी त्याला चतुराबाईचं बोलणं सांगितलं. मी मूर्खासारखं विचारलं, "दिवाळीनंतर येतोस ना? बाया तयारीला लागल्यात."

"येतो," तो म्हणाला. "आधी यातून सुटू दे."

त्यानं कंपनीत खटपट करून पुन्हा फ्रान्स गाठलं. समुद्रापलीकडे कोण येतंय, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं.

दसऱ्याच्या आधी त्याचा फोटो आला.

द्राक्षांचे मळे. मधून पांढऱ्या खडीचा रस्ता. लांब एक चर्च. आणि त्या पांढऱ्या रस्त्याच्या मधोमध, त्याच्या दारापासून निघालेला...

तांबडा मुरूम.

ओला.

खाली लिहिलं होतं, "रोज थोडा पुढं जातोय. सकाळी त्यांना कामाला लावायला तोंडानंच शिट्टी मारावी लागते. नाही मारली तर दारातून हलत नाहीत. गावात सायकलवाले विचारतात, हा रस्ता कोण करतंय?"

मी फोटो रुक्मिणीला दाखवला. तिनं निरखून पाहिलं.

"ह्यो आपल्या माळाचा मुरूम हाय," ती म्हणाली.

मी तसाच माळावर गेलो. बाभळीवर नारिंगी फीत होती. रस्ता तिथंच संपत होता, पहिल्यासारखा. पुढचा सगळा मुरूम कुणीतरी खरवडून उचलून नेला होता. जमिनीवर घमेल्यांचे गोल ठसे होते.

पंडित आला नाही. सायकली आल्या नाहीत. आम्ही कोयता उचलला.

चीड येते. पण काढू कुणावर? पंडितवर? त्या बायांवर? त्यांना तरी कुणी विचारलं?

आता मी उसाच्या फडात आहे. इथंही मुकादम आहे, त्याच्याही गळ्यात शिट्टी आहे. ती वाजली की मी आधी वळून बघतो, कोण उठलं.

निघताना वत्सलाकाकूंनी ट्रकपाशी येऊन विचारलं होतं, "पंडित कवा येतो म्हणला रे?"

मी म्हणालो, "काम उरकलं की."

फोटोनंतर मी 'कधी येतोस?' विचारलं, तेव्हा त्यानंही मला हेच लिहिलं होतं. पण तो रस्ता कुठं संपतो, ते त्यालाही माहीत नाही.